रात्रपाळीच्या ओळी

मध्यरात्र उलटून गेलेली असते. बँकेच्या शाखेला कुलूप असते. वर्तमानपत्राचे शेवटचे पान छापायला गेलेले असते. इस्पितळाच्या नोंदणी खिडकीत एखादा पेंगुळलेला कारकून तेवढा असतो. अशा वेळी कुठेतरी एका थंडगार खोलीत सर्व्हर नावाचे संगणक मात्र जागे असतात. आपण घरून, कचेरीतून किंवा मोबाइलवरून जे काही मागतो ते पुरवणारे हे संगणक. त्यांना रात्री वेगळीच कामे असतात. दिवसभराच्या नोंदींची नक्कल दुसऱ्या जागी ठेवायची, जुन्या निरुपयोगी फायली काढून टाकायच्या, साठवणीची जागा किती उरली ते पाहायचे आणि ती कमी असेल तर कुणाला तरी इशारा धाडायचा. ज्याच्याकडे ही जबाबदारी आहे तो माणूस घरी झोपलेला असतो. त्याने फक्त दहा-वीस ओळी लिहून ठेवलेल्या असतात. त्या ओळींना म्हणतात स्क्रिप्ट.

मी कवितेच्या वाटेने गेलेला माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही भाषा विषय घेऊन. मग या विषयावर मी का बोलावे? कारण स्क्रिप्ट ही आधी लिहिलेली गोष्ट आहे आणि मग यंत्राची. माझा भाचा पुण्यात सर्व्हर सांभाळतो. तो एकदा म्हणाला, ‘मामू, तुम्ही दोन ओळींत सगळं सांगायला बघता ना, आम्हीही तेच करतो. फरक एवढाच, आमच्या ओळी चुकल्या तर रात्री फोन येतो.’ त्या दिवसापासून मी या ओळींचा इतिहास वाचू लागलो. त्यात मला यंत्रांपेक्षा माणसेच जास्त भेटली.

या इतिहासाची सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सापडते. साल १९६३-६४. लुई पूझँ नावाचा फ्रेंच अभियंता तिथे काम करत होता. त्या काळचा एक मोठा संगणक अनेक जण वाटून वापरत. प्रत्येक जण टंकयंत्रासारख्या यंत्रापुढे बसून एकेक आज्ञा टाइप करी. त्याच त्या आज्ञा रोज त्याच क्रमाने टाइप करायचा पूझँला कंटाळा आला असावा. त्याने ‘रनकॉम’ नावाचा एक प्रोग्राम लिहिला. आज्ञा एका फायलीत लिहून ठेवा, रनकॉम ती फाइल वाचून त्या एकामागून एक पार पाडील. पुढे त्यानेच अशी कल्पना मांडली, की वापरणाऱ्याच्या आज्ञा ऐकणारा एक स्वतंत्र प्रोग्राम असावा, संगणकाच्या गाभ्याभोवतीच्या कवचासारखा. त्याला त्याने ‘शेल’ हे नाव दिले. शेल म्हणजे शिंपला, कवच. पूझँ फ्रान्सला परतला, तो संगणक कधीच मोडीत निघाला, पण रनकॉमच्या इंग्रजी नावातली ‘आर’ आणि ‘सी’ ही दोन अक्षरे आजही अनेक फायलींच्या नावांच्या शेवटी दिसतात. गाव उठून जावे आणि आडनावात शिल्लक राहावे, तसे हे झाले.

दुसरा टप्पा न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेचा. टेलिफोन कंपनीची ही प्रयोगशाळा. तिथे १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली उभी करायला घेतली. तिथल्याच डग्लस मॅकिलरॉय यांनी त्याआधी, १९६४ साली, एक टिपण लिहिले होते. बागेत पाणी घालताना एका नळीला दुसरी नळी जोडावी, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. मॅकिलरॉय वर्षानुवर्षे हे म्हणत राहिले. शेवटी १९७३ साली थॉम्प्सनने एका रात्रीत ही जोडणी युनिक्समध्ये करून टाकली. तिचे नाव पाइप. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ज्याला त्याला आपापले जोडकाम करून पाहण्याची घाई झाली होती.

पाइपसाठी पुढे जी खूण रूढ झाली ती आहे एक उभी रेघ. आमच्या जुन्या पोथ्यांत तशीच उभी रेघ असते, तिला आपण दंड म्हणतो. तिथे दंड आला की ओळ संपते, वाचणारा श्वास घेतो. युनिक्समधली रेघ मात्र सांगते, ‘संपले नाही, यातून जे निघाले ते पुढच्याच्या हाती द्या.’ एकाने निवडायचे, दुसऱ्याने लावायचे, तिसऱ्याने मोजायचे. बायका धान्य निवडायला बसतात तेव्हा एकीचे सूप दुसरीकडे सरकते, तसेच हे. प्रत्येक प्रोग्रामने एकच काम करावे पण ते नीट करावे, ही शिस्त तिथून आली.

या छोट्या अवजारांपैकी एकाचा जन्म तर थेट साहित्याच्या प्रश्नातून झाला. त्याचे नाव ‘ग्रेप’. अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ साली ‘फेडरालिस्ट’ नावाने ८५ निबंध लिहिले गेले. त्यातल्या काही निबंधांचा लेखक कोण, हॅमिल्टन की मॅडिसन, हा जुना वाद. बेल प्रयोगशाळेतले ली मॅकमॅहन यांना शब्दांच्या वापरावरून त्याचा शोध घ्यायचा होता. पण तो सगळा मजकूर त्या वेळच्या संगणकाच्या स्मृतीत एका वेळी मावेना. तेव्हा थॉम्प्सनने शोधण्याचे तेवढेच काम वेगळे काढले. हवा तो शब्द ज्या ओळीत आहे ती ओळ दाखवायची, बाकीच्या सोडून द्यायच्या. एका निबंधकाराच्या ओळखीसाठी घडवलेले हे अवजार आज जगभरच्या सर्व्हरवर चोरपावलांचा माग काढायला वापरतात.

दुसरे अवजार एका वाया गेलेल्या सकाळीतून आले. प्रोग्राम लिहिणारे तो तुकड्यातुकड्यांनी लिहितात. एक तुकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले तुकडे पुन्हा बांधून घ्यावे लागतात. एका सहकाऱ्याने चूक दुरुस्त केली होती, पण नवा तुकडा बांधून घ्यायचा राहिला, आणि नसलेली चूक शोधण्यात त्याची सकाळ गेली. ते ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ लिहिले. कोणता तुकडा कशावर अवलंबून आहे ते एकदा कागदावर मांडावे तसे फायलीत मांडा. काय बदलले ते मेक स्वतः पाहील आणि तेवढेच पुन्हा बांधील.

मेकची एक गंमत आहे. त्याच्या फायलीत आज्ञेची ओळ ‘टॅब’ने, म्हणजे एका विशिष्ट कोऱ्या जागेने सुरू करावी लागते. डोळ्यांना टॅब आणि साधी मोकळी जागा सारखीच दिसते, पण मेकला नाही. अनेक नवशिक्यांचे केस या कोऱ्या जागेने उपटले आहेत. हे बदलावे असे फेल्डमन यांच्याही मनात आले होते, पण तोवर डझनभर मित्र मेक वापरू लागले होते आणि त्यांचे जमलेले काम बिघडू नये म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले. त्या बारा जणांची सोय पुढे लाखोंची सवय झाली. फेल्डमन यांना २००३ साली या कामासाठी एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. टॅब अजून तिथेच आहे.

आज्ञा कशा जोडायच्या ते ठरले. त्या कधी चालवायच्या याचे घड्याळही तयार झाले. त्याचे नाव ‘क्रॉन’. एका ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पुढे आज्ञा. ‘रोज पहाटे सव्वादोन वाजता हे कर’ एवढे सांगितले की बस. आणि १९७९ साली स्टीफन बोर्न यांचे शेल आले. त्यात ‘जर असे असेल तर तसे कर’, ‘अमुक वेळा पुन्हा कर’ अशी पुरी वाक्यरचना होती. बोर्न यांना ‘अल्गोल’ या भाषेचा शौक. त्यामुळे त्यांच्या शेलमध्ये ‘इफ’ने सुरू झालेले वाक्य त्याच अक्षरांच्या उलट्या क्रमाने, म्हणजे ‘एफ-आय’ने संपते. ‘केस’ने सुरू झालेलेही तसेच उलटे होऊन संपते. आमच्या घरात उर्दू उजवीकडून वाचली जायची आणि मराठी डावीकडून. त्यामुळे एकच शब्द दोन्ही बाजूंनी कुंपण घालतो ही कल्पना मला लगेच आवडली. ‘डू’ मात्र उलटा करता आला नाही. उलटल्यावर जी दोन अक्षरे होतात त्या नावाची दुसरी आज्ञा आधीच अस्तित्वात होती. म्हणून तिथे ‘डन’ लिहावे लागते. प्रत्येक भाषेच्या व्याकरणात असे अपवाद असतात आणि प्रत्येक अपवादामागे शेजाऱ्याशी केलेली तडजोड असते.

हे सगळे प्रयोगशाळेबाहेर पसरले कसे? टेलिफोन कंपनीने १९५६ साली अमेरिकी सरकारशी जो समझोता केला होता, त्यामुळे तिला संगणकाचा धंदा करता येत नव्हता. म्हणून युनिक्स विद्यापीठांना माफक दरात दिले गेले, मूळ मजकुरासकट. विद्यार्थ्यांनी ते वाचले, दुरुस्त केले, पुढे दिले. पुढे कंपनीवरचे बंधन सुटले आणि मजकुरावर कुलपे आली, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सर्वांना वाचता-बदलता येईल अशी मुक्त प्रणाली उभारण्याची घोषणा केली. तिच्यासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले ‘बॅश’ हे शेल १९८९ साली बाहेर आले. १९९१ सालच्या लिनक्सबरोबर ते जगभर गेले.

आता एक कुस्ती सांगतो. साल १९८६. एसीएमच्या मासिकात जॉन बेंटली यांचे सदर चालू होते. त्यांनी संगणकशास्त्रातले मोठे पंडित डोनाल्ड कनूथ यांना एक काम दिले: एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द आणि त्यांची संख्या उतरत्या क्रमाने काढून दाखवा. कनूथ यांनी दहा पानांचा, निबंधासारखा वाचता येणारा देखणा प्रोग्राम लिहिला. त्याचे परीक्षण करायला सांगितले होते आपल्या पाइपवाल्या मॅकिलरॉय यांना. त्यांनी कनूथ यांच्या कारागिरीचे कौतुक केले आणि शेवटी तेच काम करणारी स्क्रिप्ट दिली. सहा ओळींची. पहिली ओळ अक्षरे नसलेले सारे काढून प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर ठेवते. दुसरी मोठ्या लिपीतली अक्षरे लहान करते. तिसरी शब्द अकारविल्हे लावते. चौथी सारखे शब्द एकत्र करून मोजते. पाचवी मोठा आकडा वर आणते. सहावी हवे तेवढे दाखवून थांबते. कुस्ती कुणी जिंकली यावर आजही वाद होतात. अवजारे आधीच घडवून ठेवली असतील तर पुष्कळ कामे सहा ओळींची असतात, हा धडा मात्र सर्वांनी घेतला.

मला त्या सहा ओळी पाठ आहेत, आणि माझा प्रश्न तिच्या पहिल्याच ओळीपाशी आहे. तिथे ‘अक्षर’ म्हणजे काय ते सांगितले आहे: इंग्रजी ए ते झेड, लहान आणि मोठी. बाकी सारे म्हणजे मोकळी जागा. आता एखादी मराठी कविता या स्क्रिप्टमधून सोडा. तिच्यातले एकही चिन्ह ए ते झेडमध्ये नाही. म्हणून सगळी कविता मिळून एक कोरी ओळ होते, आणि उत्तर येते: १, आणि त्यापुढे काहीच नाही. चुकीची सूचना नाही, कुरकुर नाही. स्क्रिप्टने सांगितलेले काम चोख केलेले असते. तिच्या लेखी ती कविता नव्हतीच.

यात मॅकिलरॉय यांचा दोष काढायचा नाही. त्यांच्यापुढे इंग्रजी मजकूर होता. पण ती स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलून जो दुसऱ्या भाषेला लावील, त्याने ती आधी वाचली पाहिजे.

या कोड्याचे अर्धे उत्तर पुन्हा थॉम्प्सननेच दिले. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे ‘इस्की’ हे मानक तयार झाले होते. त्याच्या १९८८ सालच्या मांडणीवरून युनिकोडने देवनागरीची रचना घेतली. पण जगातल्या सर्व लिप्यांचे हे आकडे जुन्या, इंग्रजीपुरत्या घडवलेल्या अवजारांतून वाहून न्यायचे कसे? सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखाली घालायच्या कागदावर थॉम्प्सनने त्याची रीत आखली. रॉब पाइक सोबत होते. तिचे नाव यूटीएफ-८. आज आपण मोबाइलवर मराठी वाचतो ते बहुतेक याच रीतीने. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. मोजणाऱ्या आज्ञेला बाइट विचारले तर ती १८ म्हणते. चिन्हे विचारली तर ६ म्हणते. वाचणाऱ्याला अक्षर दिसते १, आणि छंद बघणारा मात्रा मोजतो २. चारही उत्तरे बरोबर आहेत. आपल्याला काय मोजायचे आहे ते मात्र लिहिणाऱ्यानेच ठरवायचे असते.

हे केवळ कवीचे दुखणे नाही. २०१४ सालच्या सप्टेंबरमध्ये बॅशमध्ये एक मोठे भगदाड असल्याचे जाहीर झाले. त्याला ‘शेलशॉक’ नाव पडले. बाहेरच्या कुणालाही विशिष्ट मजकूर पाठवून सर्व्हरवर आपली आज्ञा चालवून घेता येत होती. ही चूक १९८९पासून, म्हणजे जवळजवळ २५ वर्षे तिथे होती. मजकूर सर्वांना खुला होता, पण त्या ओळीवर कुणाची नजर त्या अर्थाने थांबली नव्हती. स्टेफान शाझेलास यांची थांबली. बॅश वर्षानुवर्षे सांभाळणारे चेट रेमी हे काम आपली नोकरी सांभाळून, स्वयंसेवक म्हणून करत होते. जगातल्या अगणित सर्व्हरांचे कवच, आणि डागडुजीला असा एक माणूस!

दुसरी घटना ३१ जानेवारी २०१७ची. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवणारी गिटलॅब ही कंपनी. रात्री उशिरा काम करणाऱ्या तिच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीच्या माहितीतली बहुतेक गेली होती. मग नकला शोधायला गेले. रोज नक्कल काढणारी व्यवस्था होती, पण जिथे नकला असायला हव्यात तिथे काहीच नव्हते. नक्कल काढणाऱ्या अवजाराची आवृत्ती जुनी आणि माहितीसाठ्याची नवी, म्हणून काम रोज अपयशी होत होते. त्याची सूचना देणारी ई-पत्रे निघतही होती, पण ती वाटेतच नाकारली जात होती. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी कुणी हाताने काढून ठेवलेली एक नक्कल उपयोगी पडली. मधल्या सहा तासांचे काम गेले. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवले, म्हणून इतरांना शिकता आले.

युनिक्सच्या घराण्यात एक रीत आहे: सारे ठीक असेल तर प्रोग्रामने काही बोलू नये. रीत चांगली आहे. पण गप्प बसलेला माणूस आणि गेलेला माणूस यांतला फरक कळायला कुणीतरी अधूनमधून हाक मारावी लागते. म्हणून जाणकार सांगतात, की नक्कल काढली एवढ्यावर थांबू नका. ती परत उघडून पाहा. उघडली, तरच ती नक्कल.

आज ओळी लिहिणे सोपे झाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला साध्या मराठीत सांगितले तरी ती स्क्रिप्ट लिहून देते. माझा भाचाही कधी कधी तसे करतो. लिहायला लागणारा वेळ वाचला, वाचायला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहिला. कदाचित वाढला, कारण आपण न लिहिलेली ओळ समजून घ्यायला अधिक सावकाश वाचावे लागते.

स्क्रिप्टमध्ये एक जागा यासाठी राखून ठेवलेली आहे. ज्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे, म्हणजे दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांच्या जाळीचे चिन्ह असते, ती ओळ यंत्र वगळून पुढे जाते. ती फक्त माणसासाठी असते. ‘हे अमुक कारणाने केले आहे’, ‘हा आकडा बदलण्याआधी हिशेब विभागाला विचारा’, ‘ही नक्कल दर महिन्याला उघडून पाहा’ असे तिथे लिहिता येते. माझ्या भाच्याच्या कचेरीत नवीन येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात काहीच लिहू देत नाहीत. जुन्या स्क्रिप्ट वाचायला बसवतात आणि जिथे ‘का’ लिहिलेले नाही तिथे विचारून ते लिहायला सांगतात. नवा माणूस आधी थोडा नाराज होतो. पण पुढे कधी रात्री अडीच वाजता फोन वाजला, की त्या एका ओळीसाठी तो कुणाला तरी मनातल्या मनात दुवा देतो.